बरणीतला भात

घोडेगावच्या बाजारात शेळी बघत होते, तेव्हा गावातल्या एका बाईनं सांगितलं, "अगं, तुमच्या शाळेतले ते मासं मारनारे गुरुजी गेले." मासं मारनारे... माणूस गेला तरी ते नाव सुटलं नाही. ते कुणामुळं पडलं, हे दोघांनाच ठाऊक होतं, त्यांना आणि मला.

मी चौथी शिकलेली. शाळेत पोरांचं जेवण शिजवते. गुरुजींनी ओढ्याच्या वरच्या अंगाचं पाणी आणि चार बारीक मासे काचेच्या बरणीत आणून वर्गाच्या खिडकीत ठेवले होते. पाण्यात विरघळलेल्या हवेवर मासे जगतात, हे ते पोरांना शिकवत. शनिवारी शाळा सुटल्यावर मला वाटलं, उद्या सुट्टी, हे उपाशी राहतील. उरलेला मूठभर भात मी बरणीत टाकला. सोमवारी पाणी पांढरट, वास सुटलेला, मासे उलटे. गुरुजींना मी हळूच सांगितलं. ते रागावले नाहीत. पोरांना म्हणाले, "कुणी विष टाकलं नाही. मायेनं खायला टाकलं. ते कुजलं, आणि कुजताना पाण्यातली हवा सरली. साखर कारखान्याची मळी ओढ्यात येते, तिथंही असंच होतं."

पोरांनी ते घरी सांगितलं. आठवड्यात शाळेत सभा भरली. कारखान्यातला एकजण उठला. "मळी गोड असती, जनावरं चाटत्यात. मासं कशानं मरत्याल? गुरुजी, तुमीच औषध टाकलं, पोरांना भ्या दाखवाया."

"औषध नाही, भात होता."

"कुनी टाकला?"

माझे मालक पुढं बसलेले, त्याच कारखान्यात कामाला. मी दाराशी, पदर दातात धरून... गुरुजींनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "ते मी सांगणार नाही," म्हणाले. सगळे हसले, आणि ते नाव त्यांना चिकटलं.

उन्हाळ्यात त्यांची राजूरकडं बदली झाली. जाताना बरणी माझ्या हातात दिली. "धुतली आहे. मीठ ठेवा." एवढंच... इतकी वर्षं ती माझ्या चुलीजवळ मिठाची बरणी होऊन राहिली.

बाजारातून आले त्याच्या पुढच्या सोमवारी मी मीठ काढलं, बरणी धुतली आणि चौथीच्या वर्गात जाऊन उभी राहिले. नव्या बाई शिकवायच्या थांबल्या. पोरांना सगळं सांगितलं. भात मी टाकला होता, हेही सांगितलं.

एक मुलगी म्हणाली, "मग तवा का न्हाई बोलला, मावशी?"

"भ्याले."

"आता भ्या न्हाई वाटत?"

मालक अजून त्याच कारखान्यात आहेत.

"वाटतं," मी म्हणाले, आणि बरणी खिडकीत ठेवली.