हेराच्या वाटचं रडणं

मुंबईच्या सिनेमा-एजंटाने रावजीला फसवले. रावजीचे शब्द त्याने उचलून छापले आणि त्यावर रावजीचे नाव घातले नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेलेल्या माणसावर लिहिताना सगळे गोड गोड लिहितात आणि मुद्द्याची गोष्ट राहून जाते.

त्याला जाऊन महिना होत आला. मांजरसुंब्याला माझा सिनेमाचा तंबू उभा राहत होता, खुंट्या ठोकणे चालले होते, रावजी तेवढा गावी गेलेला. वडवणीच्या बाजारातून परतणारा एक गाडीवान बैल न थांबवताच ओरडला, "शेट, तुमचा रावजी गेला! तापानं गेला..." मी त्याला गाडी थांबवायला लावली, सगळे नीट ऐकून घेतले आणि मग त्याच्यावरच खेकसलो. त्या बिचाऱ्याचा काय दोष!

रावजी वडवणीकडचा, मेंढरे राखणाऱ्या घरचा. मी त्याला पाहण्याआधी ऐकला. या टेकडीवरून त्याने हाक दिली की पलीकडच्या टेकडीवरची मेंढरे माना वळवत. बैलबाजारातल्या दलालीतून वर येऊन मी तेव्हा नुकतेच एक जुने यंत्र, एक पडदा आणि दोन गाड्या केल्या होत्या. चित्रे मुकी. पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट आपल्या बोलीत सांगणारा माणूस हवा होता. जन्मभर बैलांचे दात मोजून घासाघीस केलेला मी, पण रावजीला ठरवताना एक शब्द ताणला नाही.

तोच म्हणाला, "पर शेट, मला वाचता येत न्हाई."

"पडद्यावरचं इथं कुणालाच वाचता येत नाही. तू सांग."

मग आले ते हेराचे चित्र. नायक एवढा नावाजलेला की बीडच्या पानवाल्यांनी त्याचा फोटो देवांच्या ओळीत लावला होता. नायिका त्याहून नावाजलेली. जाहिरातीवर दोघांच्या हातांत पिस्तुले. एजंट मला म्हणाला, याच्यासाठी मोठमोठी शहरे रांगेत आहेत. मी चित्र आधी न पाहता घेतले. फोटोच्या चेहऱ्यांना भुललो, कबूल करतो. पिस्तूल होते ते फक्त जाहिरातीवर. चित्रात नायक एका दारातून आत येई, पत्र वाची, दुसऱ्या दारातून बाहेर जाई. मग नायिका तेच पत्र वाची. पडद्यावर पत्रेच पत्रे, तीही इंग्रजीत. आणि नायकाचा चेहरा? माझ्या तंबूच्या खांबावर त्याहून जास्त भाव असेल.

पहिल्याच खेळाला लोक चुळबुळू लागले. "ए, पळव की बे पुढं!" "टपालवाल्याचा शिनेमा हाय का रं ह्यो?" कुणीतरी पडद्यावर शेंगांची टरफले फेकली. मी यंत्रामागे दातओठ खात उभा. तेवढ्यात रावजीने हातातली वेताची काठी पडद्यावरच्या पत्रावर टेकवली आणि सावकाश वाचायला सुरुवात केली... ज्याला अक्षर येत नव्हते तो!

"लेकरा, तुझी माय गेली. शेवटपत्तुर दाराकडं बघत व्हती. तू येऊ नकोस, दुश्मन वळखंल."

टरफले फेकणारे हात खाली आले. पडद्यावर नायक तसाच, ओंडक्यासारखा. पुढच्या रांगेतली एक म्हातारी न राहवून म्हणाली, "आरं, माय मेली आन् ह्यो मुडदा रडत कावून न्हाई?"

रावजी तिच्याकडे वळला. "म्हातारे, हेराला रडायची इजाजत न्हाई. त्याच्या वाटचं तू रड."

ती रडली. मग बाया रडल्या, मग पागोट्याच्या शेवाने नाक पुसणारे बाप्ये. बाहेर पडताना लोक बोलत होते, काय नट आहे, सगळं पोटात ठेवतो! नटाला जे जमले नाही ते रावजीने एका वाक्यात केले. धर्मापुरीला तर लोकांनी तोच खेळ लागोपाठ तीनदा लावायला लावला. असला माणूस माझ्या तंबूत होता, हे मी आजही छाती काढून सांगतो.

बोभाटा ऐकून एजंट एका लेखनिकाला घेऊन आला. पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांच्या राखीव खुर्चीशेजारी मी त्यांना बसवले. लेखनिक म्हणाला, चित्र कसे चालले ते कंपनीला कळवायचे आहे, उजेड मिळेल का? मी स्वतःच्या हाताने त्याला कंदील दिला. वर चहा पाठवला. बाजारात मला कुणी फसवू शकत नव्हते, आणि मी चोराला उजेड धरला...

पुढच्या रिळांबरोबर छापील पुस्तिकांचा गठ्ठा आला. 'कंपनीच्या विद्वान लेखकांनी रचलेली हेरकथा. सांगणाऱ्याने याबरहुकूम सांगावे.' रावजी तंबूचे फाटलेले कापड शिवत बसला होता. मी वाचून दाखवले. पत्र तेच. म्हातारीला दिलेले उत्तरही तेच.

"झ्याक लिवलंय की. कुणी लिवलं?"

"तू, बे."

"मग माझं नाव वाच."

मी पुस्तिका उलटून पाहिली. मागे केसांच्या तेलाची जाहिरात होती.

तो सुई चालवतच राहिला. मग दोरा दातांनी तोडून म्हणाला, "त्यांच्या तोंडातलं उष्टं मी कावून खाऊ, शेट?"

मी बीडला जाऊन एजंटाला गाठले. गचांडी धरायचीच काय ती बाकी ठेवली. तो हसत म्हणाला, "तोंडातून निघालेल्या वाऱ्यावर कुणाचं नाव असतं का?"

त्यानंतर रावजीने म्हातारीला सांगितलेले ते वाक्य कधीच उच्चारले नाही. बाकी सगळे सांगे, पण ते पत्र आले की काठी टेकवून मुका उभा राही. मी विनवले, रागावलो, पण तो ऐकेना.

तो गेल्यावर मांजरसुंब्याला मी तेच चित्र लावले; तिथल्या लोकांनी ते पूर्वी रावजीच्या तोंडून ऐकले होते. सांगणारा कुणी ठेवला नाही. पडद्याच्या डाव्या कडेला, तो उभा राही तिथे, त्याची काठी टेकवून ठेवली. पत्र आले. क्षणभर यंत्राची तेवढी घरघर... आणि मग अख्खा तंबू एका आवाजात बोलला, "हेराला रडायची इजाजत न्हाई!" एवढे बोलून सगळे थांबले आणि काठीकडे पाहू लागले. पुढचे कुणी बोलले नाही. त्याच्या वाटचे रडणे तेवढे ऐकू आले.

एजंटसाहेब, वाऱ्यावर नाव असते की नसते? काठी अजून तिथेच आहे. माझ्या तंबूत या, तिच्यासमोर उभे राहा आणि भरल्या लोकांत सांगा, ते वाक्य कुणाचे?