दर शनिवारी वजनकाट्यावर

आमच्या वजन कमी करण्याच्या गटात काट्यावर चढताना चपला काढायच्या, पर्स खाली ठेवायची आणि आकडा सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगायचा, अशी पद्धत होती. दर शनिवारी सकाळी साडेसहाला यवतमाळातल्या एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवर आम्ही तीस-पस्तीस बाया जमायचो. कमी झालं की टाळ्या. वाढलं की कोचबाई गोड आवाजात विचारायच्या, "या आठवड्यात काय चुकलं, सांगा बरं सगळ्यांना." मी शाळेत पंचवीस वर्षं पोरांना उभं करून हेच विचारत आले. ते मनाला किती लागतं, हे तिथे कळलं.

मला तिथे नेलं माझ्या शेजारणीने. वीस वर्षांची मैत्रीण. एकमेकींच्या घराच्या किल्ल्या एकमेकींकडे असायच्या. माझे गुडघे कुरकुरत होते आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, दहा किलो उतरवा, नाहीतर ऑपरेशन. ऑपरेशनला माझी तयारी नव्हती. "आपण दोघी मिळून करू," ती म्हणाली. "मी आहो ना तुह्यासंग."

गटात जोड्या लावून दिलेल्या असत. आमची जोडी ठरलेलीच. रोज फोन करून काय खाल्लं ते एकमेकींना सांगायचं आणि खोटं बोलायचं नाही, एवढा एकच नियम. मी सगळं खरं सांगत गेले. शाळेत कोणाच्या तरी वाढदिवसाचा अर्धा पेढा खाल्ला, तो सांगितला. उमरखेडला माहेरी आईने माझ्यासाठी पुऱ्या तळल्या आणि मी काकडी चावत बसले. "आता माह्या हातचं चालत नाही का तुले," असं म्हणून आई उठून गेली, तेही सांगितलं. पलीकडून मैत्रीण म्हणाली, "शाबास."

चार महिन्यांत तिचे अकरा किलो उतरले, माझे दोन. मी तिच्यासाठी मनापासून टाळ्या वाजवायचे आणि घरी येऊन स्वतःवर चिडायचे. एकदा तिच्यासमोर रडलेही. ती म्हणाली, "तुह्यं मनच कच्चं आहे. मनावर घेतलं का होते सारं." मला ते पटलं. भात सोडला, मग संध्याकाळचं जेवणच सोडलं. एक दिवस फळ्यासमोर चक्कर येऊन पडले. नवरा लोहाऱ्याच्या कारखान्यातून अर्धी सुट्टी टाकून धावत आला आणि भरपूर बोलला. मी त्यालाच उलट सुनावलं, तिला जमतं तर मला का नाही?

भाद्रपदात तिच्याकडे महालक्ष्म्या बसतात. दरवर्षी मी सकाळपासून तिच्या हाताखाली असते. ती सोवळ्यात पुरण घोटत होती. सोवळ्यात असलं की तिला नैवेद्याच्या सामानाशिवाय कशालाही हात लावायचा नसतो, आणि आम्ही बाकीच्यांनी तिला शिवायचं नसतं. बाहेर पाहुणे येऊन बसले. ती आतूनच म्हणाली, "त्याईले चहा टाक वं. दूध फ्रिजात आहे, मले हात लावता येत नाही." गडबडीत आपण काय बोलून गेलो, हे तिच्या लक्षातही आलं नसावं.

दुधाच्या पातेल्यामागे औषधाचा खोका होता. पेनासारखी इंजेक्शनं, आणि त्यांना रबर लावून गुंडाळलेला नागपूरच्या डॉक्टरचा कागद. हिला काहीतरी मोठं दुखणं आहे असं मला वाटलं. म्हणून तो उघडला, नाहीतर दुसऱ्याचे कागद वाचायची मला खोड नाही. ती वजन उतरवायची इंजेक्शनं होती. दर आठवड्याला एक. कागदावरच्या तारखेप्रमाणे पहिलं घेतलेलं होतं आम्ही गटात जायच्या पंधरा दिवस आधी.

कागद घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. "मले काहून नाही सांगितलं?"

तिने कागद पाहिला. घोटणं थांबलं नाही. "लोकं हासले असते."

"मी लोकं आहो का?" मी दोन पावलं पुढे झाले, तशी ती भिंतीला टेकली.

"शिवू नको मले. सारा सैपाक बाटून जाईन."

इंजेक्शन घेतलं याचा मला राग नव्हता. मला सांगितलं असतं तर नागपूरच्या बसमध्ये मीच तिच्या शेजारी बसले असते. पण शाळेत चक्कर आल्यावर मी घरी पडून होते, तेव्हा हीच माझ्या उशाशी बसून म्हणाली होती, अजून थोडं घट्ट राह्य. स्वतःच्या फ्रिजात तो खोका ठेवून येऊन म्हणाली होती. वीस वर्षांत कोणी मला इतकं फसवलं नाही.

पाहुण्यांना चहा दिला. देवीचं जेवण टाकून जाता येत नाही, म्हणून पंगतीलाही बसले. चार पुरणपोळ्या खाल्ल्या, कशाचीच चव लागली नाही.

त्या शनिवारी मी गटात गेले ती सगळ्यांसमोर बोलायचं ठरवूनच. त्या दिवशी नवीन बाया आल्या होत्या. कोचबाईंनी मैत्रिणीला पुढे बोलावून तिचे जुने-नवे फोटो दाखवले आणि विचारलं, कसं जमलं? ती म्हणाली, "मन घट्ट केलं. भात सोडला." मग माझ्याकडे हात केला. "माह्या जोडीदारणीले विचारा. थे रोज पाहते मले." साऱ्या गच्चीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर हसू होतं आणि ओठ थरथरत होते.

मी "हो" म्हणाले.

जिन्यात एक नवीन बाई भेटली. माझ्याहून जाड. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होती.

"ताई, तुमी सोताच्या डोळ्यानं पाह्यलं ना?" तिने विचारलं. "मंग मी बी भात सोडतो आजपासून."

मी तिचा हात धरून तिला शेवटच्या पायरीपर्यंत उतरवलं.