सुमतीबाईंचे वांगाचे डाग

"मास्तर, ही नायिका की नायिकेची आई?" निर्मळ गावच्या नाटक मंडळाचे प्रमुख डॉमनिकदादा माझ्या कानात कुजबुजले. कुजबूज अशी, की मागच्या केळीतले बगळे उडाले.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी वसईभर नाटकांचा मेकअप करायचो. गावातल्या मुली स्टेजवर उभ्या राहत नसत, म्हणून सणाच्या नाटकाला नायिका मुंबईहून यायची. या वेळी आल्या सुमतीबाई. वय बेचाळीस, पात्र अठराचं. वर शेजारच्या तीन गावांची मंडळं नायिका बघायला पहिल्या रांगेत बसणार. आज बाई थोराड दिसल्या की पुढे जन्मभर आईच्या भूमिका. बाई ते जाणून होत्या. आरशात स्वतःचे गाल निरखत होत्या.

"सुरकुत्या बुजवा," दादा म्हणाले. "भिंतीला देतात तसा जाड थर द्या."

"दादा, फोकसच्या उष्णतेने थर तडकेल. पहिल्या अंकात अठरा, तिसऱ्यात अठ्ठ्याऐंशी."

सुरकुत्या म्हणजे डोळ्यांपाशी चार रेघा. तिसऱ्या रांगेलाही त्या दिसत नाहीत. खरे गुन्हेगार होते दोन्ही गालांवरचे वांगाचे तपकिरी डाग. चेहऱ्याचा रंग असा ठिगळाठिगळांचा झाला की माणसाचं वय दहा वर्षं फुकट वाढतं. त्यावर नुसता बेस, म्हणजे कातडीच्या रंगाचा लेप थापला, तर डाग राखाडी होऊन वर येतात. म्हणून आधी फक्त डागांवर नारिंगी रंगाचा हलका हात. तो राखाडीपणा मारतो. मग मानेशी जुळणारा बेस, ओल्या स्पंजने, कांद्याच्या पापुद्र्याइतका.

नारिंगी लावून झाला आणि नेमके दादा डोकावले. "अहो, ही बाई की पपई? पडदा सातला आहे."

"मास्तर, यांना बाहेर काढा," बाई पहिल्यांदाच बोलल्या. "मला हसू आलं तर माझ्या चार रेघांच्या चाळीस होतील."

दादांना काढलं. बेस चढवला. रेघांना हातही लावला नाही.

पडदा उघडला आणि अख्खं निर्मळ श्वास घ्यायला विसरलं. बाईंच्या बापाचं काम करणारा गडी तेहतीस वर्षांचा, पण शेजारी खराच बाप वाटत होता. तिन्ही मंडळांनी मध्यंतरातच बुकिंग केलं, तेही नायिकेचं. एक बागायतदार तर थेट आत आला, मुलासाठी मागणी घालायला.

"थांबा काका," बाई म्हणाल्या, "माझ्या मुलाला विचारते. तो यंदा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे."

तेव्हापासून नवा चेहरा समोर आला की मी आधी डाग बघतो, रेघा नंतर. घरी मात्र दोन्ही बघत नाही.