आऱ्याचं मुसकं

काशिरामच्या पंज्यातून रक्ताची धार लागली होती. मी फेटा सोडून त्याच्या हाताला गुंडाळला.

"बोटं हायेत का रे?"

"हायेत भाऊजी. पण मी आता त्या आऱ्याले हात लावत नाई."

काशिराम माझ्या बायकोचा भाऊ, वलगावचा. अकोल्याच्या एका कापूस-प्रेसच्या आवारात मी सुतारकामाचा मिस्त्री होतो आणि तो माझा जोडीदार. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून विलायतेला आमचाच कापूस हवा होता. गाठी दाबायच्या पेटीला सागाच्या जाड फळ्या लागत. त्या कापायला वाफेच्या इंजिनावर फिरणारा गोल आरा होता. आरा म्हणजे दातेरी पोलादी चकती, टेबलाच्या फटीतून अर्धी वर आलेली. दाते बोथट झाले की ती काढून दुसरी चढवायची.

घोळ तिथेच होता. चकती शाफ्टवर मोठ्या नटाने आवळलेली असे. पान्याला जोर दिला की नट सुटायच्या ऐवजी चकतीच फिरे. म्हणून एकाने दात्यांत लाकूड दाबून धरायचं, दुसऱ्याने पाना ओढायचा. त्या दिवशी लाकूड निसटलं आणि काशिरामचा पंजा दात्यांवर गेला.

प्रेसचा साहेब धावत आला. त्याने जखम पाहिली. पण पेटी फुटलेली, आवारात कापसाचे ढीग.

"मिस्त्री, कल आरा चलेगा?"

"चलेगा साहेब. लेकिन हाथ से नहीं पकडेंगे."

"फिर किससे?"

मी काशिरामला आधार देत घरी नेलं.

घरी माझी बायको सरू भावाच्या हाताला हळद लावत होती. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. मग एकदम म्हणाली, "डवरणीच्या बैलानं उभ्या पिकाले तोंड लावू नये म्हून मुसकं बांधता. अन् या दातवाल्याले मोकळा सोडता! काहून?"

मी जेवता जेवता थांबलो. खरंच, काहून?

सकाळी सलईच्या दोन फळ्या चकतीच्या दोन्ही अंगांना लावून बांधल्या आणि पाना ओढला. सलई कडकन फुटली. लाकूड नरम पडलं.

मग बाभळीचा ठोकळा घेतला. दात्यांवर दाबून त्यांचे वळ उठवले आणि तेवढ्याच खाचा कोरल्या. दाते खाचांत चपखल बसले. दोन्ही बाजूंना फळ्या ठोकल्या, आतून इंजिनाच्या जुन्या पट्ट्याचं चामडं लावलं. ठोकळ्याचं एक टोक मुद्दाम लांब ठेवलं. चकती फिरू लागली की ते टोक टेबलावर दाबलं जाई आणि ती जागच्या जागी अडे.

आधी इंजिनाचा पट्टा उतरवला. मुसकं चढवलं. पान्याला हात घातला तोच मागून आवाज आला, "सरका भाऊजी."

काशिराम! उजव्या हाताला पट्टी होती, पाना त्याने डाव्या हातात घेतला. मी अडवलं नाही. त्याने पाय रोवले आणि हिसका दिला. चकती तसूभरही हलली नाही. नट कर्र करून सुटला.

"सुटला!" तो एवढ्या जोराने ओरडला की गाडीवान बैल सोडून बघायला आले.

आम्ही दोघांनी मुसक्याला धरूनच चकती बाहेर उचलली. दात्यांना कुणाचं बोट लागलं नाही. नवी चकती आवळताना तेच मुसकं उलट्या बाजूने बसवलं. मुसकं काढलं, पट्टा चढला, इंजिन धापा टाकू लागलं आणि सागाची पहिली फळी सरळ रेषेत कापून आली. साहेबाने टोपी काढून हवेत हलवली.

"इसको क्या बोलते हैं?"

"मुसकं, साहेब," काशिराम छाती काढून म्हणाला. "माह्या बहिणीनं नाव ठेवलं."

संध्याकाळी पेटी दुरुस्त झाली आणि प्रेस चालू झाली. पुढे अमरावतीहून एक मिस्त्री येऊन मापं घेऊन गेला. मी तिथे होतो तोवर चकती बदलताना कुणाचा हात कापला नाही.

नवीन माणूस कामावर आला की मी एवढंच सांगायचो : मशीन बंद केलं म्हणजे ते थांबलं असं समजू नका. आधी ते बांधा, मग पाना उचला.