भर दुपारचा शिंगाडा

शहरात शिंगाडा म्हटलं की लोकांना उपासाचं पीठ आठवतं. आमच्याकडे शिंगाडा म्हणजे नदीतला मासा. अंगाला खवले नाहीत, तोंडाला लांब मिशा, पाठीवर एक आणि कानशिलांजवळ दोन काटे. काटा बसला तर हात खांद्यापर्यंत ठणकतो. म्हणून त्याला पोटाखालून धरायचं, काट्यांच्या मागं अंगठा रोवून.

तो डोहात राहतो. काठ जिथं पाण्यानं आतून पोखरलेला असतो, करंजाच्या मुळ्या पाण्यात उतरलेल्या असतात, तिथं. दिवसभर कपारीत पडून राहतो आणि दिवस कलला की चरायला निघतो. तळाला चरतो, म्हणून गळाच्या दोऱ्याला, तंगुसाला, शिसं जड लावायचं. गळाला गांडूळ सगळ्यात चांगलं. कोंबडीची आतडी पण चालतात, फक्त उन्हात ठेवून वास सुटलेली पाहिजेत. ताज्या आतड्याला खेकडेच जास्त येतात.

हे सगळं मला माझ्या मायनं शिकवलं. बी.ए. मी बीडच्या कॉलेजात केलं, आमच्या घरात पहिली. दोन्हींचा अभिमान मला सारखाच आहे आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

माझे वडील गावच्या मच्छीमार सोसायटीचे सभासद होते. तळ्याचा ठेका सोसायटीकडं. सभासद असेल त्यानंच तळ्यात जाळं टाकायचं, गळ लावायचा. वडील वारले तेव्हा त्यांच्या जागी मायचं नाव लागायला पाहिजे होतं. ते लागलं नाही. नियम असा की सभासद स्वतः मासे धरणारा पाहिजे, आणि माय तर दसऱ्यानंतर मामाच्या जोडीनं ऊस तोडायला जायची. नवराबायकोची जोडी नसली तरी मुकादमाला एक कोयता, म्हणजे दोन माणसं, भरला म्हणजे झालं.

सोसायटीचे चेअरमन आमच्या भावकीतलेच, मायचे दीर लागायचे. ते म्हणायचे, "वहिनी, सहा महिने तुमी फडात. मग मच्छीमार कशा?"

"तळ्यात उतरू देत न्हाई म्हणून फडात जाते, भाऊजी. उतरू द्या, मग कावून जाईन?"

"ते कमिटीनं ठरवायचं."

कमिटी काही ठरवत नव्हती. मायचा गुडघा मात्र दिवाळीपासून सुजलेला होता. डोक्यावर मोळी घेऊन गाडीला लावलेल्या फळीवर चढायचं म्हणजे काय ते मी लहानपणी फडावर पाहिलेलं आहे. आणखी एक हंगाम तिनं काढला असता तर ती धडपणी चालत परत आली असती असं मला वाटत नव्हतं.

पुढचा उन्हाळा दुष्काळाचा. तळ्याला भेगा पडल्या. पाणी राहिलं ते सिंदफणा नदीच्या एका डोहात, तेही मध्यभागी छातीएवढं. त्याच दिवसांत मत्स्य खात्याचे एक साहेब जीपनं तळ्याची पाहणी करायला आले. मी त्यांना गाठलं आणि मायचा अर्ज दाखवला. माणूस सरळ होता. म्हणाला, "अर्ज बरोबर आहे. कमिटीसमोर त्यांनी एक मासा धरून दाखवावा, मी शेरा मारतो."

चेअरमन लगेच म्हणाले, "मग आत्ताच दाखवा. साहेबांना परत बीडला जायचंय."

सूर्य डोक्यावर होता. मी म्हणाले, "काका, या वेळेला शिंगाडा कपार सोडतो का? तुम्हाला ठाऊक नाही होय?"

"साहेबाला मुक्कामाला ठेवतीस का मग?"

मी आणखी बोलणार होते. माय म्हणाली, "गप गं. साहेबाला च्या टाक. गुळाचा टाक, वेळ लागंल त्याला."

चहा उकळेपर्यंत ती लंगडत छावणीकडे गेली. गावाबाहेर साखर कारखान्यानं जनावरांची छावणी लावलेली होती. हौदाच्या कडेला शेण आणि पाणी मिसळून चिखल झालेला. अख्ख्या शिवारात गांडूळ सापडावं अशी तेवढीच ओली जागा. माय डबाभर गांडुळं घेऊन आली. तिच्या मागोमाग छावणीतल्या म्हशी येत होत्या आणि गुराखी त्यांना डोहाकडे वळवत होता. रोज त्या उन्हं उतरताना डुंबायला यायच्या. त्या दिवशी लवकर आल्या.

आम्ही सगळे काठावर उभे. म्हशी डोहाच्या वरच्या टोकाला शिरल्या, बसल्या, लोळल्या. पाणी चहासारखं झालं. तो गढूळपणा हळूहळू खाली सरकू लागला.

चेअरमन म्हणाले, "वहिनी, आधी म्हशी हाकला बाहेर. माशे काय धरताव त्या गदळात?"

"राहू द्या भाऊजी. त्यायला लई उकडतंय."

गढूळ पाणी करंजाच्या मुळ्यांपर्यंत आलं तेव्हा मायनं गळ टाकला, गढूळ आणि नितळ पाण्याच्या बरोबर शिवेवर. पाणी गढुळलं की कपारीत अंधार होतो. शिंगाड्याला वाटतं दिवस कलला. शिवाय तळातले किडे वर उठतात, त्याचा वास त्याला लागतो.

साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. माय रेतीत बसून होती, तंगूस बोटाला गुंडाळलेला. पहिला गळ रिकामा आला, गांडूळ खाऊन गेलेलं. कमिटीतला एक जण हसला. तिनं दुसरं लावलं, त्याच जागी टाकलं. मग तिचा हात खाली ओढला गेला. ती उठली नाही, बसल्या बसल्याच मागं सरकत गेली आणि शिंगाडा रेतीवर आला. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा. पोटाखालून धरून तिनं तो साहेबांसमोर केला.

चेअरमन म्हणाले, "ही काय मासेमारी हाय का? म्हशी घालून?"

"तुमच्या बापानंच शिकवलंय हे आमच्या माणसाला," माय म्हणाली. "तुमी बी होता की तवा. शेपटाला धरून म्हशी पाण्यात कोण लोटायचं? तुमीच."

चेअरमननी वाकून मासा निरखला. "होतो खरा," म्हणाले. "बाप लई मारायचा, म्हस बाहेर निघाली की." मग साहेबांकडे वळून म्हणाले, "लिहा साहेब. मासा धरती ती."

पावसाळ्यात नाव लागलं. तळं अर्धं भरलं. बैठकीत चेअरमननी मला बाजूला घेऊन सांगितलं, इथून पुढं वहिनीच्या जागी तू येत जा, तू शिकलेली हायेस. मायनं ते ऐकलं. "मासा मी धरला, बैठकीला ती कावून?" म्हणाली, आणि मासे धरायला तळ्याची सांडव्याकडची बाजू मागून घेतली. तिथं दगडांच्या कपारी होत्या.

दसऱ्यानंतर मुकादमाची गाडी आली. मामाच्या जोडीला या वेळी त्याची सून निघाली. वर्षाचंही लेकरू नव्हतं तिचं, ते काखेत घेऊन ती चढली. मी तिला भाकरीचं गाठोडं वर दिलं. माय पोचवायला आली नव्हती. ती तळ्यावर होती.