गटचर्चेत माझा बाप

“भूकंपात मेलेल्या बायांच्या अंगावरचं सोनं कुणी काढलं? सांग की, तुमच्या वस्तीतल्यांनीच ना?”

सरांनी हे मला विचारलं. लातूरच्या डी.एड. कॉलेजात. शनिवारची गटचर्चा होती. आठवडाभर एक पुस्तक वाचायचं आणि शनिवारी गोल करून त्यावर बोलायचं. का, तर भावी शिक्षकांचं चारित्र्य घडावं. त्या दिवशीचं पुस्तक प्रामाणिकपणावर होतं. सरांना उदाहरण हवं होतं, आणि औशाकडच्या भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडमधून येणारी मी समोरच बसले होते.

सगळे माझ्याकडं बघू लागले. कुणीतरी फिस्सकन हसलं. माझ्या डब्यात जेवणारी सुरेखा पुस्तकात डोकं खुपसून बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गावाबाहेरची आमची घरं कुडाची, म्हणून आम्ही वाचलो. गावातली दगडामातीची मोठी घरं माणसांवर बसली. माझ्या बापानं हातानं दगड उपसले. ज्या घराचा उंबरा त्याला कधी चढू दिला नाही, त्या घरातली प्रेतं त्यानं खांद्यावर बाहेर आणली. पुढं कितीतरी दिवस त्याला स्वतःच्या हातानं घास जाईना. आई भरवायची. आणि वर हा चोरीचा आळ. तो मान खाली घालून ऐकायचा. “जाऊ दे माय, तू मास्तरीण हो,” एवढंच म्हणायचा.

मीही ऐकूनच घेणार होते. मूल्यशिक्षणाचे गुण सरांच्या हातात होते. पण सर पुढं म्हणाले, “पुस्तकानं संस्कार होतात. पण मुळात रक्तात काही असावं लागतं.”

मी उठले.

“सर, माझ्या बापानं मुडदे काढले. सोनं न्हाई काढलं. तुमी बघितलं का? न्हाई ना? मग शब्द माघारी घ्या.”

“माफी माग. नाहीतर नापास करीन.”

“करा. माफी न्हाई मागणार.”

त्यांनी खरंच नापास केलं. वर्ष वाया गेलं. घरी खरं कारण सांगितलं तेव्हा बाप उठून शेडच्या मागं गेला आणि रडला. मी त्याला त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं.

आज मी मुखेडला शिकाऊ शिक्षकांचीच वाचनचर्चा घेते. चारित्र्य, संस्कार असले शब्द निघाले की अजून माझं डोकं भडकतं. पुस्तकं वाचू, त्यावर भांडूसुद्धा. पण कुणाच्या बापाला चोर ठरवून इथं मास्तर घडवायचे असतील, तर तो वर्ग मी चालू देणार नाही. नोकरी गेली तरी बेहत्तर.