सरळ केलेलं चाक

पाकिटात लाकडाचा एक ठोकळा होता, प्लास्टिकची चार चाकं, चार खिळे आणि नियमांचा एक कागद. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने ठोकळा उचलून त्याचा वास घेतला. मी कागद उचलला. मी नेहमी आधी कागदच उचलते.

आयर्लंडमधल्या नावन गावात आमच्या वसाहतीच्या मागे पॅरिश हॉल, म्हणजे चर्चचं सभागृह, आहे. तिथे दर शुक्रवारी संध्याकाळी मुलांचा एक गट जमतो: दोरीच्या गाठी, तंबू, प्रथमोपचार आणि भरपूर चिखल. वर्षातून एकदा त्यांची लाकडी गाड्यांची शर्यत असते. प्रत्येक मुलाला सारखंच पाकीट. सारखा ठोकळा, सारखी चाकं, आणि वजन एकशे चाळीस ग्रॅमच्या वर जाता कामा नये. तिसरा नियम असा की गाडी मुलाने स्वतः बनवायची, मोठ्यांनी फक्त करवतीपुरता हात लावावा. तो नियम मला इतका आवडला की कागद मी फ्रिजवर लावून टाकला.

माझं बालपण पत्रकांत गेलं. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते आणि संघटनेची पत्रकं तेच लिहीत. शाळेत बाराखडी पुरी व्हायच्या आधी मी ‘कामगार बंधू-भगिनींनो’ वाचायला शिकले. संध्याकाळी ओट्याखाली बसून, शाईचा वास मारणाऱ्या कागदांच्या घड्या घालायच्या आणि गठ्ठा झाला की रबर लावायचं, हे माझं काम. वडील म्हणायचे, पत्रकात एक वाक्य खोटं गेलं की उरलेली सगळी खरी वाक्यं फुकट. मी ते मनावर घेतलं. नको इतकं घेतलं, असं माझा नवरा म्हणतो.

तो कामासाठी आठवड्याचे चार दिवस एनिसला राहतो. त्या संध्याकाळी फोनवर म्हणाला, “अगं, इंटरनेटवर डिझाइनं मिळतात. पाचरीसारखी निमुळती गाडी पळते सगळ्यात जोरात. तूच काप आणि तिला रंगवायला दे. कोण बघतंय?”

“कोण म्हणजे? ती बघतेय,” मी म्हटलं. मग मी त्याला सारखा ठोकळा आणि सारखी संधी यांवर बरंच काही ऐकवलं. ज्यांच्या घरी गॅरेज आहे, ड्रिल आहे, हौशी बाप आहे, त्यांनीच जिंकायचं असेल तर मुलांना रांगेत उभं तरी कशाला करायचं, वगैरे.

“बरं बाई,” तो म्हणाला, “भाषण संपलं की मला उठव.”

मुलीला मराठी सगळं कळतं, पण ती उत्तरं इंग्रजीतच देते, तीही इथल्या हेलात. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहितेय. मी विचारलं, “कशी करायची गाडी?” तिने ठोकळा टेबलावर आडवा ठेवला, खाली वाकून एका डोळ्याने पाहिला आणि म्हणाली, “बस करू. बस अशीच असते. कापायचं कामच नाही.”

मला हसू फुटलं. सगळी मुलं रेसिंग कार करणार आणि माझी मुलगी सार्वजनिक वाहन. मला तिचा अभिमान वाटला, हे कबूल करते. करवत लागलीच नाही. नियमाने मला जेवढा हात लावायची परवानगी होती, तेवढाही मी लावला नाही.

चार दिवस ती शाळेतून आल्यावर मागच्या अंगणात पायरीवर बसून पॉलिश पेपरने कडा घासत होती. पाऊस आला की आत, थांबला की बाहेर. मग पिवळा रंग. मग खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीत एक माणूस: टोपीवाले आजोबा, झोपलेली बाई, जीभ बाहेर काढलेला कुत्रा. “कुत्र्याचं तिकीट?” मी विचारलं. “तो आजोबांबरोबर आहे,” ती म्हणाली.

खिळे तिने स्वतः ठोकले. तीन बरे बसले. पुढच्या डाव्या चाकाचा खिळा लाकडाच्या रेषेत घसरून तिरका गेला. इस्त्रीच्या बोर्डाचं एक टोक सोफ्यावर टेकवून आम्ही उतार केला आणि बस सोडली. ती निम्म्यापर्यंत नीट आली आणि मग सावकाश डावीकडे वळून खाली पडली. पुन्हा सोडली, पुन्हा डावीकडे.

तिने बस उचलली, चाक फिरवून पाहिलं आणि अगदी समाधानाने म्हणाली, “बरोबरच आहे. स्टॉप डावीकडेच असतो.”

मी तिथेच थांबायला हवं होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, गाड्यांचं वजन करायला बोलावलं होतं. हॉलमधल्या लांब टेबलावर गाड्या मांडल्या होत्या. एक माशासारखी, चकाकणारी. एकीच्या पोटात शिसं ओतून वजन ग्रॅमभरही कमी पडणार नाही असं जुळवलेलं. एकीचा रंग थेट मोटारीच्या गॅरेजातला. त्यांच्या मागे त्यांचे निर्माते उभे होते, हातांची घडी घालून, चाळिशीचे. मुलं कोपऱ्यात पकडापकडी खेळत होती. आमच्या बसकडे पाहून एक उंच बाप हसला आणि मला म्हणाला, “ही वेळेवर येईल का?”

त्यात वाईट काहीच नव्हतं. इथल्या बसबद्दल सगळेच असं बोलतात. माझी मुलगीही हसली आणि त्याला म्हणाली, “नाही, दहा मिनिटं उशिरा.” पण मला त्या रात्रभर आणि दुसऱ्या सकाळीही एकच दृश्य दिसत होतं: चार गाड्या सुटल्या आहेत, तीन खाली पोचल्या आहेत, आणि पिवळी बस मध्येच घासत, रखडत उभी आहे. हॉलमधली सगळी माणसं सहानुभूतीने त्या एकाच सावळ्या मुलीकडे पाहत आहेत. मला ती सहानुभूती सहन होणार नव्हती. मला, तिला नव्हे. एवढा फरक कळायला मला नंतर बरेच दिवस लागले.

शनिवारी दुपारी शर्यत होती. सकाळी ती पोहायच्या शिकवणीला गेली. शेजारीण तिच्या मुलींबरोबर तिला घेऊन गेली. गाड्या वजन करून घरी पाठवलेल्या होत्या. मी हातोड्याच्या मागच्या चिमट्याने तो तिरका खिळा उपटला. भोकात काडेपेटीची काडी गोंद लावून बसवली, सुकू दिली, शेजाऱ्याचं ड्रिल आणून तिथेच सरळ भोक पाडलं. फिटरची मुलगी आहे मी, हात बसलेलाच होता. खिळा गुळगुळीत घासला आणि चारही चाकांत पेन्सिलीच्या शिशाची पूड टाकली. बस बोर्डावरून सुटली ती थेट भिंतीवर आपटली. कुत्र्याच्या खिडकीजवळ जरा रंग उडाला होता. तोही मी पिवळ्या रंगाने झाकला.

सगळं व्हायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात नियमांचा कागद फ्रिजवर होता आणि मी त्याच्यासमोरूनच ये-जा करत होते.

हॉलमधला उतार चार पट्ट्यांचा. प्रत्येक पट्टीच्या मधोमध एक उंचवटा, गाडीची चाकं त्याच्या दोन्ही बाजूंनी जातात. चाक तिरकं असेल तर गाडी उंचवट्याला घासते आणि मंदावते. पहिल्या फेरीत बस घासली नाही. ती दुसरी आली. लोक ओरडले, “बस! बस!” तो उंच बाप सगळ्यांत जोरात ओरडला.

माझी मुलगी ओरडली नाही. ती खालच्या टोकाला गेली, बस उचलली आणि पुढचं डावं चाक बोटाने फिरवलं. मग जमिनीवर ठेवून हळूच ढकलली. बस सरळ गेली. तिने मान वर करून गर्दीत मला शोधलं. मी हात हलवला. अंगठासुद्धा वर केला.

आणखी दोन फेऱ्या झाल्या. सगळ्या मिळून बस तिसरी आली. तिसऱ्या नंबरला पितळी रंगाचं पदक होतं. मुलगी पदक घ्यायला गेली नाही. ती गटप्रमुख बाईंकडे गेली. या बाई पूर्वी इथल्या इस्पितळात नर्स होत्या, आवाज मोठा आणि मन मोकळं. दोघी काहीतरी बोलल्या. मग बाई तिचा हात धरून माझ्याकडे आल्या, हसतच.

“ही म्हणते, ही गाडी तिची नाही. तुम्ही दुरुस्त केलीत म्हणे?”

आजूबाजूला सात-आठ आईबाप होते. सगळे माझ्याकडे पाहत होते, कुणीही रागाने नाही. एकाच शब्दाचं काम होतं. ‘हो.’

मी म्हणाले, “एक खिळा सैल झाला होता. तेवढाच ठोकला.”

“मग ग्रँड!” बाई म्हणाल्या. इथे ‘काही हरकत नाही’ला ग्रँडच म्हणतात. “खिळा तर सगळेच ठोकतात.” तो उंच बाप म्हणाला, “मी तर सगळी गाडीच ठोकली,” आणि सगळे हसले. मुलीच्या गळ्यात पदक पडलं.

ती माझ्यासमोरच उभी होती. तिने मान खाली घातली आणि हळू आवाजात, स्वच्छ मराठीत म्हणाली, “सैल नव्हता, आई.”

वर्षानुवर्षं मी तिच्या मागे लागले होते, मराठीत बोल, एक वाक्य तरी मराठीत बोल. ते वाक्य तिने तिथे बोललं, कारण त्या हॉलमध्ये ते माझ्याशिवाय कुणालाच कळणार नव्हतं. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तिने माझी भाषा वापरली. मग ती वळली आणि खुर्च्या आवरायला लागली.

घरी येताना मी सगळं सांगितलं. काडी, ड्रिल, पूड, रंग. ती म्हणाली, “माहितेय. कुत्र्याची जीभ गेली.” मी म्हटलं, “मला वाटलं, तुला वाईट वाटेल, शेवटी आलीस तर.” तिने खरोखर विचार केला. “मी शेवटीच येणार होते,” ती म्हणाली. “मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.”

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम लवकर जाऊन गटप्रमुख बाईंना खरं सांगितलं. पदक परत द्यायला नेलं होतं. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “अहो, कशाला एवढं मनाला लावून घेता? लहान मुलांचा खेळ आहे.” पदक त्यांनी घेतलं नाही. मला शिक्षा हवी होती आणि तिथे ती द्यायला कुणी तयार नव्हतं. ते पदक अजून माझ्या पर्समध्ये आहे. मुलीने त्याबद्दल विचारलेलं नाही.

आमचं काही बिनसलेलं नाही. ती शाळेतल्या गोष्टी सांगते, डब्यात काय हवं ते सांगते, माझ्या कुशीत बसून टीव्ही बघते. फक्त तिने बनवलेलं काही ती मला आता तयार झाल्यावरच दाखवते. चित्र असो, मातीचं भांडं असो, ते चार-पाच दिवस कुठेतरी लपलेलं असतं. परवा नवऱ्याने फोनवर विचारलं, “सध्या काय बनवतेय?” मी म्हणाले, “माहीत नाही.” यावर त्याने थट्टा केली नाही.

या आठवड्यात गटाने पक्ष्यांसाठी लाकडी घरटं बनवायला दिलंय. फळ्या आणि खिळे घेऊन ती वरच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी स्वयंपाकघरात होते. हातोड्याचे ठोके ऐकू येत होते. खिळा सरळ जातोय की वाकतोय हे मला ठोक्यांवरून कळतं. ते मला वडिलांनी शिकवलं होतं. पहिला सरळ गेला. दुसरा वाकला. मी जिन्यापाशी जाऊन उभी राहिले, एक पाय पहिल्या पायरीवर. ठोके थांबले. खिळा उपटल्याचा आवाज आला, मग पुन्हा ठोके, पुन्हा वाकडे. बराच वेळ मी तशीच उभी होते. तिने हाक मारली नाही.